तिसावा आठवडा, स्रावातलं प्रथिन मोजलं आणि आकडा आला ९. म्हणजे नेमकं काय मोजलं?

चिपळूण_ते_स्लाव

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात स्लावला राहते, पहिलटकरीण, तिसावा आठवडा चालू आहे. शनिवारी संध्याकाळपासून पोट अधूनमधून दगडासारखं कडक व्हायला लागलं. झोपून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं, थांबेना. रात्री इथल्या प्रसूती विभागाला फोन केला, त्यांनी बोलावून घेतलं. बाळाचे ठोके लावले, मग आतून कापसाच्या काडीनं स्राव घेतला आणि एका छोट्या यंत्रात घातला. दहाएक मिनिटांनी मिडवाइफ (इथली प्रशिक्षित दाई) हसत आली. म्हणाली, 'नाईन. लव्हली. यू कॅन गो होम.'

घरी आलो, पोटही सकाळपर्यंत शांत झालं. पण माझ्या डोक्यातला किडा काही शांत झाला नाही. कागदावर लिहिलंय 'फीटल फायब्रोनेक्टिन ९'. मी बी.कॉम. रक्तातलं प्रथिन मोजतात, लघवीतलं मोजतात, हे ऐकून माहीत होतं. पण अंगावरून जाणाऱ्या स्रावात प्रथिनं असतात? आणि त्यातलं एक चक्क बाळाकडचं? ते तिथं आलं कसं, आणि माझ्या बाबतीत आलं नाही याचा तिला एवढा आनंद का?

काडी घालण्याआधी तिनं नवऱ्यासमोरच विचारलं, गेल्या चोवीस तासांत संबंध आला होता का. आम्ही दोघंही छताकडे बघत 'नाही' म्हणालो. त्याचा आणि या आकड्याचा काय संबंध?

तिकडे आईचं वेगळंच. पाचव्या महिन्यापासून मला पांढरं बरंच जातंय. वास नाही, खाज नाही, फक्त जास्त. तर आई रोज व्हिडिओ कॉलवर, 'ताकद चालली बघ सगळी, तांदळाचं धुवण पी, शतावरी कल्प घे.' कोणी जाणकार असेल तर नीट समजावून सांगा. इंटरनेटवर जे आहे ते एक तर घाबरवतं, नाहीतर डोक्यावरून जातं.

अबोली७९

अभिनंदन आणि काळजी घे. माझ्या दोन्ही खेपेला पुण्यात ही चाचणी कोणी केली नाही. दुसऱ्या वेळी असंच पोट कडक होत होतं तेव्हा डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजली होती. ३१ मिमी आली, मग घरी पाठवलं. मला वाटतं दोन्हींचा हेतू एकच असावा. बाकी प्रथिनांचं मिरजकर काकू सांगतील, त्यांचा विषय आहे.

मिरजकर_काकू

बोलावलंत म्हणून आले. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जीवरसायनात आयुष्य गेलं माझं, आता निवृत्त आहे आणि ऐकून घ्यायला कोणी मिळत नाही. तेव्हा लांबड लागेल, चहा घेऊन बसा.

आधी हा स्राव येतो कुठून ते बघू. योनीला स्वतःच्या ग्रंथी नसतात. तिथला ओलावा म्हणजे मुख्यतः भिंतीपलीकडच्या रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं द्रव. त्यामुळे रक्तातली प्रथिनं त्यात येतातच: अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, आयजीजी जातीची प्रतिपिंडं. त्यात वरून गर्भाशयमुखाच्या ग्रंथींचा चिकट श्लेष्मा मिसळतो, झडलेल्या पेशी मिसळतात, पांढऱ्या पेशी आणि त्यांनी सोडलेला माल मिसळतो. आणि दिवस राहिले असतील तर त्याहून वरचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचं आणि बाळाच्या आवरणांचंही थोडंफार खाली येतं. या एका काडीत शेकडो प्रकारची प्रथिनं सापडतात. तेव्हा स्रावात प्रथिनं असतात का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की पाणी, क्षार आणि पेशी वगळल्या तर उरतं ते बरंचसं प्रथिनच.

गरोदरपणी हे सगळं वाढतं, कारण त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरातल्या पेशी ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरून ठेवतात. स्रावात अमायलेज असतं (होय, लाळेत असतं त्याच जातीचं), ते या ग्लायकोजेनचे तुकडे करतं, आणि त्या तुकड्यांवर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात. ते लॅक्टिक आम्ल बनवतात, म्हणून तिथला पीएच (आंबटपणाचं माप, ७ च्या खाली आंबट) ३.८ ते ४.५ असा आंबट राहतो आणि बाहेरचे बरेच जंतू तिथं टिकत नाहीत. निरोगी गरोदर बाईत या लॅक्टोबॅसिलसांचं राज्य आधीपेक्षा पक्कं होतं, बाकीच्या जातींची गर्दी कमी होते. पाचव्या महिन्यापासून तुला जे जास्त जातंय ते या सगळ्याचं मिळून आहे.

आता गर्भाशयमुखाचा श्लेष्मा. हा माझा आवडता भाग, कारण यावर लोक नाक मुरडतात. पाळी चालू असताना हा महिन्याभरात रूप बदलतो. बीज सुटायच्या सुमाराला पातळ, ताणला तर तार धरणारा. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक चढलं की घट्ट. गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन उतरतच नाही, म्हणून तो घट्टच राहतो आणि तोंडाच्या नळीत त्याचं बूच बसतं. बुचाचा सांगाडा म्युसिन नावाच्या प्रथिनांचा, त्यात एमयूसी५बी हे मोठं. म्युसिनला साखरेच्या इतक्या साखळ्या लटकलेल्या असतात की ते पाणी धरून जेली बनवतं. पण नुसत्या जेलीनं काय अडणार? खरी गंमत त्या जेलीत मुरलेल्या बाकीच्या प्रथिनांची आहे.

लायसोझाइम असतं, जे जिवाणूंच्या भिंतीच फोडतं. हे १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंगनं नाकातल्या स्रावात ओळखलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी; अंड्याच्या पांढऱ्या बलकात आणि अश्रूतही तेच. लॅक्टोफेरिन असतं. ते लोह पकडून ठेवतं, आणि लोहाशिवाय बहुतेक जंतूंना वाढता येत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या चिकातही हे भरपूर असतं. पांढऱ्या पेशींतून आलेली डिफेन्सिन असतात. आयजीजी आणि आयजीए प्रतिपिंडं असतात. आणि एसएलपीआय नावाचं एक छोटंसं प्रथिन असतं, ज्याच्यावर माझा फार जीव. ते जंतूही मारतं आणि आपल्याच पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या इलॅस्टेजला आवरही घालतं. इलॅस्टेज मोकाट सुटलं तर जंतूंबरोबर आपल्या ऊतीही खातं, आणि गर्भाशयमुखाचा दाटपणा टिकवायचा असताना ते परवडणारं नसतं. गरोदरपणात या श्लेष्म्यात एसएलपीआय वाढलेलं दिसतं. म्हणजे जंतूंना मारायची तयारी पूर्ण, पण सूज येऊ द्यायची नाही, असं दोन्ही एकदम चाललेलं असतं. निरोगी गरोदरपणातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा बदल हाच. नुसतं 'अमुक प्रथिन वाढलं, तमुक घटलं' अशी यादी वाचून तो लक्षात येत नाही.

तू विचारलं नाहीस, तरी पहिल्या तीन महिन्यांचं सांगते, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. पोटात बाळ राहिलं की लगेच आईचं रक्त वारेत खेळायला लागतं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पहिले दहाबारा आठवडे त्या रक्तवाहिन्यांची तोंडं बाळाच्या बाजूच्या पेशींनीच जवळजवळ बुजवलेली असतात. तेवढा काळ बाळ बरंचसं गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावर पोसलं जातं. केंब्रिजच्या ग्रॅहम बर्टन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हे नीट दाखवलं: ग्रंथींनी सोडलेली प्रथिनं वारेच्या पोकळीत आणि तिथल्या पेशींच्या आत सापडली. त्यातलं एक ग्लायकोडेलिन. दहाव्या आठवड्याच्या आसपास ते शिखराला असतं आणि मग उतरत जातं. आईची प्रतिकारशक्ती बाळावर उलटू नये यातही त्याचा हात आहे. उलट्यांनी हैराण बाईच्या पोटात अन्न ठरत नसतं तेव्हा बाळाची ही सोय आतल्या आत चाललेली असते.

आता तुझा ९.

फायब्रोनेक्टिन आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं, यकृत बनवतं. बाळाच्या बाजूच्या पेशी, म्हणजे वार आणि आवरणं बनवणाऱ्या, त्याचा एक वेगळा प्रकार बनवतात. त्याच्या एका भागावर साखर अशी चिकटलेली असते की एफडीसी-६ नावाचं प्रतिपिंड नेमकं तेवढंच ओळखतं. चाचणीत हेच प्रतिपिंड वापरतात. हे गर्भीय फायब्रोनेक्टिन बाळाचं बाहेरचं आवरण आणि गर्भाशयाचं अस्तर यांच्या मधल्या सांध्यात बसलेलं असतं, पतंगाच्या कागदाला लावलेल्या खळीसारखं. साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत तो सांधा पूर्ण जुळलेला नसतो, त्यामुळे तोवर ते खाली स्रावात येतं आणि त्यात काही वावगं नसतं. सांधा जुळला की स्रावातून जवळपास नाहीसं होतं. पस्तिसाव्या आठवड्यानंतर, कळांची तयारी सुरू झाली की पुन्हा दिसायला लागतं. म्हणजे तेच प्रथिन अठराव्या आठवड्यात दिसलं तर ठीक, अडतिसाव्यात दिसलं तर अपेक्षित, आणि तिसाव्यात दिसलं तर डॉक्टर सावध होणार. तुझी मिडवाइफ हसली ती तिसाव्या आठवड्यात ते जवळपास नाही हे बघून.

१९९१ साली चार्ल्स लॉकवुड आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे मांडलं. तेव्हापासून एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम ही सीमा धरली जाते. तुझ्याकडच्या यंत्रासारखी नवी यंत्रं नुसतं हो-नाही न सांगता आकडा देतात, आणि १० च्या खालचा आकडा सर्वांत खालच्या गटात जातो. तू त्यात बसलीस. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतकं कमी मोजता येतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं, आणि मी हेच करून पोट भरलं.

एक मात्र मनात पक्कं कर. ही चाचणी 'नाही' म्हणते तेव्हा फार विश्वासू, 'हो' म्हणते तेव्हा तितकी नाही. आकडा ५० च्या खाली आलेल्या शंभरातल्या नव्याण्णव जणी पुढच्या पंधरवड्यात बाळंत होत नाहीत. पण वर आलेल्यांपैकीही बहुतेक जणी त्या पंधरवड्यात होत नाहीत. म्हणून उद्या कुणा मैत्रिणीचा आकडा जास्त आला तर तिला घाबरवू नकोस.

आणि तो लाजवणारा प्रश्न. वीर्यातही फायब्रोनेक्टिन असतं आणि चाचणीतलं प्रतिपिंड त्यालाही पकडतं. चोवीस तासांत संबंध आला असेल तर आकडा खोटाच वर जाऊ शकतो. रक्त मिसळलं तरी तेच, आधी बोटांनी तपासणी झाली असेल तरी तेच. गंमत अशी की संबंध आलेला असूनही आकडा कमी आला, तर तो कमी धरायला हरकत नसते. चूक एकाच दिशेनं होते.

नाशिकचा_डॉक्टर

काकूंनी माझ्यासाठी फारसं काही ठेवलेलं नाही. आपल्याकडे ही फायब्रोनेक्टिनची चाचणी फार ठिकाणी होत नाही. अबोलीताईंची झाली तशी सोनोग्राफीच जास्त चालते. चोवीस आठवड्यांच्या आत गर्भाशयमुखाची लांबी २५ मिमीपेक्षा कमी दिसली की आम्ही प्रोजेस्टेरॉनचा विचार करतो.

माझ्या ओपीडीत रोज येणारा प्रश्न वेगळा आहे: 'डॉक्टर, हे पांढरं जातंय की पाणी जातंय?' पाणमोटेला बारीक छिद्र पडून गर्भजल गळत असेल तर तो स्राव पातळ, पाण्यासारखा असतो, थांबता थांबत नाही, खोकलं किंवा उठलं की वाढतो. आमच्याकडे पीएचचा कागद असतो. गर्भजलाचा पीएच ७.१ ते ७.३, त्यामुळे कागद निळा होतो. पण रक्त, वीर्य, योनीचा जंतुसंसर्ग यांनीही निळा होतो. काचेवर थेंब वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते का बघणं ही दुसरी जुनी रीत. गरोदर बाईच्या श्लेष्म्यात प्रोजेस्टेरॉनमुळे ती नक्षी उमटत नाही, गर्भजलात उमटते.

प्रथिनांचा खरा उपयोग इथं होतो. पीएएमजी-१ नावाचं एक प्रथिन गर्भजलात एका मिलिलिटरला हजारो नॅनोग्रॅम असतं आणि पाणमोट शाबूत असेल तर योनीच्या स्रावात एक नॅनोग्रॅमसुद्धा नसतं. मधे एवढी मोठी दरी असल्यामुळे चाचणीची पट्टी ५ नॅनोग्रॅमला लावली की घोळ फार होत नाही. दुसरं आयजीएफबीपी-१. याची मौज अशी की गर्भाशयाचं अस्तर ते फॉस्फेट चिकटवून सोडतं, आणि गर्भजलात बिनफॉस्फेटचं जास्त. त्यामुळे कुठलं रूप पकडायचं त्यावर दोन वेगळ्या चाचण्या बनल्या: एक पाणी गळतंय का सांगते, दुसरी अस्तराचा सांधा हलतोय का सांगते.

स्लावच्या ताई, वासाशिवाय, खाजेशिवाय पांढरं जास्त जाणं यावर उपचार करू नका. दह्यासारख्या गाठी आणि खाज, हिरवट-राखाडी रंग, माशासारखा वास, जळजळ, रक्त, किंवा पॅड भिजवणारं पाणी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. बाळाची हालचाल कमी वाटली तरी. आणि कृपा करून तुरटीच्या पाण्यानं धुणं, सुगंधी वॉश, आतून पिचकारी असलं काही कोणाच्या सांगण्यावरून करू नका. साधं पाणी, तेही बाहेरून. सुती कपडे.

चिपळूण_ते_स्लाव

काकू, डॉक्टर, कसे आभार मानू. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. 'चूक एकाच दिशेनं होते' यावर तो खूश आहे, का ते विचारू नका.

आईला काकूंचं पहिलं उत्तर वाचून दाखवलं तर ती म्हणते, 'बघ, तीच म्हणतेय ना, प्रथिनं जातात. मग ताकद जाते हेच खरं.' आता काय सांगू?

आणि शेवटच्या महिन्यात यात काय बदलतं? माझी जाऊ सांगत होती की तिचं ते बूच कळांच्या आधी आठवडाभर पडलं होतं.

मिरजकर_काकू

आईंशी वाद घालू नकोस, हिशेब मांडून दाखव. दिवसाला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलि स्राव जातो असं धरू. तो रक्ताच्या पाण्याइतका प्रथिनांनी दाट असतो असंही धरू. तेवढा नसतो, पण आईंच्या बाजूनं धरू. रक्ताच्या पाण्यात १०० मिलिला साधारण ७ ग्रॅम प्रथिन. म्हणजे ५ मिलित झालं ०.३५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं. एका अंड्यात अडीच आठवड्यांची भरपाई, तीही फुगवलेल्या हिशेबानं. अशक्तपणा वाटत असेल तर हिमोग्लोबिन बघायचं, चोर तिथं असतो. तांदळाच्या धुवणानं स्राव थांबायचा नाही. शतावरी कल्पाचं मात्र तिथल्या दाईला विचारल्याशिवाय सुरू करू नको. आणि त्यात साखर किती असते तेही डब्यावर वाच.

शेवटच्या महिन्याचं. इतके दिवस जे गर्भाशयमुख सूज न येऊ देता घट्ट राखलं, ते आता मुद्दाम मऊ करायचं असतं. तिथं आयएल-८ सारखी बोलावणी करणारी प्रथिनं वाढतात, पांढऱ्या पेशी जमतात, एमएमपी-८ सारखी विकरं (कापाकापी करणारी प्रथिनं) गर्भाशयमुखाला घट्ट धरणारे कोलॅजनचे दोर कापायला लागतात. मघाशी ज्या सुजेला आपण आवर घालत होतो तीच आता कामाला लावलेली असते. तोंड उघडायला लागलं की बूच सुटतं, कधी एकदम, कधी तुकड्यातुकड्यानं, रक्ताची रेघ घेऊन. जावेसारखं आठवडाभर आधीही सुटतं, कोणाचं कळांबरोबरच. सदतिसाव्या आठवड्यानंतर नुसतं बूच पडलं तर पळापळ नको. त्याआधी पडलं किंवा लालभडक रक्त असलं तर मात्र फोन कर.

बाळही यात बोलतं म्हणे. शेवटी शेवटी बाळाची फुप्फुसं तयार झाली की त्यांतलं एसपी-ए नावाचं प्रथिन गर्भजलात वाढतं. उंदरांत कळा सुरू व्हायला तेच निमित्त होतं, असं डॅलसच्या प्रयोगशाळेनं २००४ साली दाखवलं. फुप्फुसं झाली, आता काढा बाहेर! माणसात इतकं सरळ दिसलेलं नाही, पण मला ती कल्पना फार आवडते.

चिपळूण_ते_स्लाव

अंड्याचा हिशेब आईला पटला. आता रोज दोन अंडी खा म्हणून मागे लागलीय.

शेवटचं एकच. हा ९ आता पुढे किती दिवस चालतो? पुन्हा पोट कडक झालं तर 'मागच्या वेळी ९ होता' म्हणून घरी थांबायचं का?

मिरजकर_काकू

नाही. तो त्या रात्रीचा आकडा. त्याच्या जिवावर पंधरवडाभर निवांत झोप, पण पोट पुन्हा ठरावीक अंतरानं कडक व्हायला लागलं तर त्या पंधरवड्यातही जायचं. स्राव पुन्हा तपासायचा की नाही ते त्या ठरवतील. आणि गेलीस की आधीच सांगून ठेव: बोटांनी तपासायचं असेल तर काडी त्याच्या आधी घ्या, आणि जेली लावू नका. त्यांना माहीत असतंच. तरी रात्री दोन वाजता, गर्दीत, सांगितलेलं बरं.